एकतीस चौरस मीटर झुकिनी

१० मे, शनिवार

बागसंघाचे अध्यक्ष ट्रेगर यांनी बागेची नोंदवही ठेवायला सांगितलं आहे. कोणत्या नोंदी हव्यात ते सांगितलं नाही, म्हणून सगळ्याच ठेवतो. अडतीस वर्षं मी लाइपझिगमधल्या लिफ्ट तपासल्या आणि रोज नोंदवही लिहिली. सवय आहे.

परिस्थिती अशी. बागसंघ शहरातल्या लोकांना भाड्यानं बागा देतो, त्यांतला प्लॉट क्रमांक ४७ माझ्या पत्नीच्या, रोझविटाच्या नावावर आहे. ती नोव्हेंबरात गेली. प्लॉट माझ्या नावावर होऊ शकतो, पण सप्टेंबरच्या पाहणीत दोन गोष्टी दिसायला हव्यात. जागेचा एक तृतीयांश भाग भाजी किंवा फळांखाली असला पाहिजे, आणि जे पिकेल ते घरात खाल्लं गेलं पाहिजे. नाहीतर प्लॉट प्रतीक्षायादीतल्या पहिल्या माणसाला जाईल. यादीत एकशे बारा माणसं आहेत.

"गेली वीस वर्षं तुम्ही इथं काय करत होतात, वीझनर?" ट्रेगर यांनी विचारलं.

"गवत कापत होतो."

"ते दिसतंच आहे."

फीत लावून मोजलं. प्लॉट ३१२ चौरस मीटर. एक तृतीयांश म्हणजे १०४. सफरचंद, नाशपती, बेरीची झुडपं, स्ट्रॉबेरी आणि रुबार्ब मिळून ७३. तूट ३१. बाकी सगळं गवत आहे, म्हणजे माझं खातं.

१२ मे, सोमवार

बियाण्यांच्या दुकानात गेलो. गाजराच्या पाकिटावर लिहिलं होतं, 'दाट झाल्यास विरळ करा.' दाट म्हणजे किती? अशा सूचनेवर मी एकही लिफ्ट पास केली नसती. झुकिनीच्या पाकिटावर मात्र स्वच्छ लिहिलं होतं: एका रोपाला एक चौरस मीटर. तूट ३१ चौरस मीटर, म्हणजे एकतीस रोपं.

एका पाकिटात दहा बिया. तीन पाकिटं घेतली. एका बीसाठी चौथं घेणं बरं वाटलं नाही. रोझविटाच्या बिस्किटांच्या डब्यात तिनं जपून ठेवलेल्या बियांच्या पुड्या आहेत. एकीवर तिच्या अक्षरात लिहिलं होतं, 'झुकिनी?' आत एकच बी होती. हिशेब बरोबर जमला.

लगेच लावणार होतो, पण शेजारच्या प्लॉटवरून कुप्केबाई ओरडल्या. "अहो वीझनर, डोकं ठिकाणावर आहे ना? थंडीचे संत जायचेत अजून! त्यांच्या दिवसांत रात्री हिम पडतं. पंधराच्या आत मातीत बोट घालायचं नाही."

कुप्केबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. रोझविटा त्यांचं ऐकायची. मी थांबलो.

१६ मे, शुक्रवार

संत गेले. एकतीस बिया लावल्या, दोरी धरून, एक-एक मीटरवर. प्रत्येकीला क्रमांकाची पट्टी.

"किती लावल्यात?" कुप्केबाईंनी कुंपणावरून विचारलं.

"एकतीस."

त्या बाकावर बसल्या. "एकतीस काय? झुकिनीची रोपं?"

"हो."

"आणि घरात माणसं किती?"

"एक."

"बरं," असं म्हणून त्या आपल्या खोपटात गेल्या आणि दार लावून घेतलं. आतून बराच वेळ ठसका लागल्यासारखा आवाज येत होता. त्यांना छातीचा त्रास असावा.

१ जून, रविवार

एकतीसच्या एकतीस उगवली. एकही नापास नाही.

मुलीचा, ॲनेटचा फोन. ती रोज विचारते, आज काय जेवलास. मी पाव म्हणतो. तिला दुसऱ्या नियमाबद्दल सांगितलं, की पिकेल ते घरात खाल्लं गेलं पाहिजे.

फोनवर तिची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बाबा, फ्रित्सीला जुलैत वरचं सुरू करायचंय. झुकिनीनं सुरुवात करतात बरेच जण. पचायला हलकी असते. तूच करून देशील?"

"मला स्वयंपाक येत नाही."

"तिला खाता येत नाही. जमेल तुमचं."

फ्रित्सी, माझी नात, चार महिन्यांची आहे. तिच्या जन्माच्या वेळी मी इस्पितळात गेलो होतो, पण फार थांबलो नव्हतो.

८ जुलै, मंगळवार

आज सराव केला. ॲनेटनं दिलेला तक्ता बागेतल्या खोपटाच्या भिंतीवर लावला आहे. पहिला आठवडा फक्त एक भाजी. दुसऱ्यात बटाटा. तिसऱ्यात मांस. मीठ नाही, साखर नाही, एक चमचा तेल. हा तक्ता ज्यानं केला तो माणूस व्यवस्थित असणार.

झुकिनी धुतली, सोलली, चिरली, बारा मिनिटं वाफवली. हातमिक्सर भांड्यात घालून चालू केला आणि पाहायला बाहेर काढला. चालू असतानाच. खोपटाचं छत आता हिरवं आहे.

दुसऱ्या वेळी छत वाचलं. पण लगदा पाण्यासारखा झाला. तिसऱ्या वेळी वाफेचं पाणी गाळून टाकलं. तेवढ्यात दारावर थाप. ट्रेगर.

"वीझनर, वाजलेत किती?"

"एक वाजून वीस."

"एक ते तीन शांतता. यंत्रं बंद."

"मिक्सर आहे हा. बाळाच्या जेवणासाठी."

"त्याला मोटर आहे का?"

मोटर आहे, हे मला नाकारता येईना. एक ते तीन चाळणीवर चमच्यानं घासलं. खरं सांगायचं तर चाळणीतलं जास्त मऊ झालं. शिवाय दोन तास कसे गेले ते कळलं नाही. पूर्वी दुपारचे दोन तास असे जात नसत.

१४ जुलै, सोमवार

पहिला घास. ॲनेटच्या घरी, दुपारी बारा वाजता. उपस्थित: फ्रित्सी, ॲनेट, जावई हेनिंग, मी.

वाटीत २० ग्रॅम, तापमान ३७ अंश. लाळेरं आधी आणि नंतर वजन केलं. तोंडात गेलं: ७ ग्रॅम. परत आलं: ५. हेनिंगच्या चष्म्यावर: अंदाजे १. बाकीचं सापडलं नाही.

"हे यश की अपयश?" मी विचारलं.

"बाबा, दोन ग्रॅम पोटात गेलं. हे घवघवीत यश आहे," ॲनेट म्हणाली.

बरण्यांवर मी पट्ट्या लावल्या आहेत: रोपाचा क्रमांक, तारीख, 'कमाल भार १९० ग्रॅम', आणि खाली माझी सही. ॲनेटनं एक बरणी हातात घेऊन वाचली आणि हसायला लागली. हसत हसत स्वयंपाकघरात गेली. तिथं नळ बराच वेळ चालू होता. पाणी उगाच वाया गेलं, पण मी काही बोललो नाही.

२६ जुलै, शनिवार

रोज पंचवीस ते तीस झुकिन्या. सकाळी बोटाएवढी असते ती संध्याकाळी मनगटाएवढी होते. पाकिटावर याबद्दल एक अक्षर नाही.

सहा झुकिन्या पिशवीत घालून कुप्केबाईंच्या फाटकाला अडकवल्या. अर्ध्या तासानं माझ्या फाटकावर सात होत्या.

"एक जास्त आहे," मी कुंपणावरून सांगितलं.

"ती व्याजाची. अहो, अख्ख्या वसाहतीत कुणी मोटारीच्या काचा उघड्या ठेवत नाहीये, तुम्ही आत झुकिनी टाकाल म्हणून! कुणी सांगितलं नाही का तुम्हांला, एका रोपावर अख्खं घर जेवतं म्हणून?"

"तुम्ही का नाही सांगितलंत?"

"तुम्ही सहा महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी करताना दिसलात. मी कशाला मोडता घालू?"

एकतिसाव्या रोपाची झुकिनी मी अजून कापलेली नाही. कारण काही विशेष नाही. ते रोप सगळ्यांत जोमदार आहे, आणि पाणी घालायला मी तिथून सुरुवात करतो, कारण नळ जवळ आहे. निदान फार लांब नाही.

फ्रित्सीकडून समाधानकारक बातमी. या आठवड्यात चौदा बरण्या पाठवल्या, चौदा रिकाम्या परत आल्या. धुतलेल्या.

९ ऑगस्ट, शनिवार

या आठवड्यात एकवीस बरण्या. सगळ्या रिकाम्या. गणित केलं: दिवसाला ५७० ग्रॅम. फ्रित्सीचं वजन साडेसात किलो. त्याच प्रमाणात मी खाल्लं तर रोज सहा किलो झुकिनी होईल. ॲनेटला विचारलं, हे ठीक आहे ना. ती म्हणाली, "वाढीचं वय आहे, बाबा."

हेनिंग मुलीच्या आवडीनिवडींकडे फार बारकाईनं लक्ष देतो. आज मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाबा, मंगळवारची बॅच अप्रतिम होती. बटाटा जास्त होता ना? टोस्टवर तर... म्हणजे, टोस्टवर छान लागेल असं फ्रित्सीच्या चेहऱ्यावरून वाटलं."

"तिला दात नाहीत, हेनिंग."

"म्हणून तर चेहऱ्यावरून ओळखावं लागतं. आणि थोडा लसूण? चिमूटभर मिरी?"

तक्त्यात मिरी नाही हे मी त्याला दाखवलं. तो खट्टू झाला. चांगला बाप आहे. थोडा जाडही झाला आहे.

कुप्केबाईंनी वाटाण्याच्या सुपाचं भांडं कुंपणावर ठेवलं. "खाल्लंत का काही आज?" मी हो म्हणालो. "काय?" मला पटकन आठवेना. सूप घरी नेऊन फ्रिजमध्ये ठेवलं. आता तिथं त्यांची तीन भांडी आहेत. परत द्यायला हवीत.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

एकतिसाव्याची झुकिनी कापली. फ्रित्सीसाठी. चाळणीवर केली, मिक्सर लावला नाही. पाच बरण्या झाल्या. पट्टीवर क्रमांक ३१ लिहिला. 'आजी' असंही लिहिणार होतो, पण त्या रकान्यात क्रमांकच असतो.

१६ ऑगस्ट, शनिवार

वाईट दिवस.

फ्रित्सीनं पहिलाच घास थुंकला, तोंड वाकडं केलं आणि अशी रडली की खालच्या मजल्यावरची बाई वर आली. ॲनेटनं चमचा चाटला आणि लगेच सिंकमध्ये थुंकली. "बाबा, कडू जहर आहे हे! तू चव घेतली नव्हतीस?"

मी नोंदवही उघडली. वजन होतं. तापमान होतं. वाफवण्याची मिनिटं होती. चवीचा रकाना नव्हता.

"एकदाही?" तिनं विचारलं. "सहा आठवड्यांत एकदाही चाखलं नाहीस?"

मी नाही म्हणालो. मला वाटलं ती ओरडेल. तिनं माझ्या शर्टाची बाही धरली आणि नुसती धरून ठेवली.

डॉक्टरांना फोन केला. पोटात काही गेलेलं नाही, काळजी नको म्हणाले. हेनिंगचं पोट मात्र योगायोगानं आजच बिघडलं. दिवसभर न्हाणीघरात होता. कडू बरणी उघडल्यावर त्यानं वरून चीज घातलं असतं तर वगैरे काहीतरी दाराआडून बोलत होता. आजारात माणूस बरळतो.

बरण्यांवर क्रमांक होते म्हणून ३१ च्या बाकीच्या लगेच सापडल्या. एक आधीच रिकामी होती.

१७ ऑगस्ट, रविवार

कुप्केबाईंना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

"दुकानातलं बी होतं की घरचं?"

"तीस दुकानातली. एक रोझविटाचं."

"तिनं दोन वर्षांपूर्वी कुंपणावर शोभेचे भोपळे चढवले होते. आठवतंय? मधमाश्या काय पाटी वाचून बसतात का? झुकिनी आणि भोपळ्याचा संकर झाला. असली कडू झुकिनी विषारी असते, वीझनर. झाडाची पहिली झुकिनी कच्ची चाखायची आणि कडू लागली की थुंकायची. हे पाळण्यातल्या पोराला ठाऊक असतं."

"तिला ठाऊक होतं म्हणूनच ती थुंकली," मी म्हणालो. कुप्केबाई हसल्या. मी विनोद केला नव्हता.

मग आम्ही सगळी रोपं तपासली. मी चाकू घेऊन पुढे, त्या खुर्ची आणि नोंदवही घेऊन मागे. मी चाखायचं, त्यांनी लिहायचं.

"एक?"

"ठीक."

"ठीक ही चव नाही. नीट सांगा."

"पाण्यासारखी. शेवटी थोडी गोड."

"दोन?"

चार नंबर ओल्या अक्रोडासारखा लागला. अकरा नुसता गवत. एकोणीस चक्क छान होता. मी दुसरा तुकडा कापला. कुप्केबाई लिहायच्या थांबल्या, आणि थुंका म्हणाल्या नाहीत. एकाच पाकिटातल्या बियांची चव इतकी वेगळी असते हे मला माहीत नव्हतं.

तीस रोपं पास. मी खात्री करायला एकतिसावं पुन्हा चाखलं. अर्धा तास तोंड धूत होतो.

"काढून टाका," कुप्केबाई म्हणाल्या.

"कदाचित पाणी कमी पडलं असेल. कधीकधी त्यानंही—"

"वीझनर. सगळ्यांत जास्त पाणी त्यालाच घालता तुम्ही. मी काय आंधळी आहे? तिनं पुडीवर प्रश्नचिन्ह काढलं होतं ना? तिला खात्री नव्हती. तुम्हांला आता आहे."

मी सांगितलं, की ते काढलं तर १०३ चौरस मीटर होतील. एक कमी पडेल.

"हो," त्या म्हणाल्या. "तेच कारण असेल."

२० ऑगस्ट, बुधवार

काढलं. सकाळी सात दहा. मुळं मोठी होती.

३ सप्टेंबर, बुधवार

फ्रित्सी झुकिनी खात नाही. हिरवा चमचा दिसला की ओठ मिटते. आमच्या नाशपतीचा गर मात्र आवडीनं खाते, चमचा धरून ओढते. मला आनंद झाला आणि मग पाहणी आठवली. नाशपतीचं एकच झाड आहे. झुकिनी तीस चौरस मीटर आहे. फ्रीझरमध्ये २०४ बरण्या आहेत. दुसरा नियम: घरात खाल्लं गेलं पाहिजे.

रिकाम्या बरण्या मात्र अजून येतात. ॲनेट मला वाईट वाटू नये म्हणून ओतून देत असावी.

१३ सप्टेंबर, शनिवार

पाहणी.

ट्रेगर मोजायचं चाक घेऊन आले. ॲनेट, हेनिंग आणि बाबागाडीत फ्रित्सी आधीच आले होते. कुप्केबाई कुंपणावर कोपरं टेकून उभ्या होत्या, बोलावलेलं नसताना.

चाक फिरलं. "एकशे तीन," ट्रेगर म्हणाले. "वीझनर, हे भोक कसलं?"

"एक रोप काढलं. कडू निघालं."

"कुठलं बी?"

"बायकोनं ठेवलेलं."

ट्रेगर त्या मोकळ्या जागेकडे वळले. मग वाकून माती बोटांत चुरली. "खणलेली आहे. तण नाही. खणलेली जमीन म्हणजे तयार वाफा, आणि वाफा लागवडीत धरतात. रविवारपर्यंत हिवाळी पालेभाजी पेरा. एकशे चार."

"उद्या रविवारच आहे," कुप्केबाई म्हणाल्या.

"मग उद्या पेरा. आणि तुम्ही मध्ये बोलू नका."

त्यांनी कागद उलटला. "आता वापर. एवढी झुकिनी खातं कोण?"

"नात," मी म्हणालो.

ट्रेगर यांनी फ्रित्सीकडे पाहिलं. ॲनेटनं घाईघाईनं बरणी उघडून चमचा पुढे केला. फ्रित्सीनं ओठ मिटले, मान फिरवली आणि चमच्याला एक फटका दिला. ट्रेगर यांच्या बुटावर हिरवा ठिपका पडला.

"ही नाही खात," ट्रेगर म्हणाले.

तेव्हा हेनिंग पुढे आला. कानापर्यंत लाल झाला होता. "मी खातो," तो म्हणाला. "जुलैपासून. सगळ्या बरण्या मीच संपवल्या. टोस्टवर, भातावर, नुसत्याही. एकोणीस नंबर तर मी लपवून ठेवतो."

मी थक्क झालो. माझ्यासाठी हेनिंग अध्यक्षांसमोर उभं राहून धडधडीत खोटं बोलला, आणि तेही इतक्या तपशिलात. आजवर मी त्याला भित्रा समजत होतो.

पण ट्रेगर यांनी मान हलवली. "तुम्ही यांच्या घरात राहत नाही. नियमात घर म्हणजे प्लॉटधारकाचं घर. वीझनर, तुमच्या घरात कोण आहे?"

"मी."

"आणखी कोण?"

"आणखी कुणी नाही."

"मग तुम्ही खाता का?"

कुप्केबाईंनी कुंपणावरून कोपरं काढली. खोटं सांगता आलं असतं. पण तपासणीच्या वेळी मी कधी खोटं सांगितलेलं नाही, दुसऱ्यांकडूनही ऐकून घेतलेलं नाही, आजचं हेनिंगचं सोडून.

"अजून नाही," मी म्हणालो.

ॲनेटच्या हातातली बरणी घेतली. चमचाही तोच घेतला. बाकावर बसलो आणि खायला लागलो. ट्रेगर यांनी चाक झाडाला टेकवलं आणि ते उभे राहिले. १९० ग्रॅम म्हणजे तशी थोडीच असते, पण सगळे बघत असले की वेळ लागतो. फ्रित्सी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी तोंड उघडलं की तीही उघडायची. तिला दिलं नाही.

बरणी संपली. चमच्यानं तळ खरवडला.

"कसं आहे?" ट्रेगर यांनी विचारलं.

मी विचार केला. "मीठ नाही."

"पुढच्या वर्षी घाला," ते म्हणाले, आणि कागदावर सही केली.

मग सगळे एकदम बोलायला लागले. ॲनेट माझ्या गळ्याला मिठी मारून होती, त्यामुळे कोण काय म्हणालं ते नीट ऐकू आलं नाही. हेनिंगनं फ्रीझरमधल्या बरण्यांचं आता काय करणार असं दोनदा विचारलं. त्यानं एवढी काळजी करायचं कारण नाही.

घरी येऊन संध्याकाळी एक बरणी गरम केली. मीठ घातलं. जास्त पडलं. बटाटा उकडून त्यात कुस्करला, मग बरं लागलं. पावाबरोबर दोन वेळा वाढून घेतलं.

उद्या सकाळी पालेभाजी पेरायची आहे. बियांच्या पाकिटावर लिहिलं आहे, 'अंदाजानं शिंपडा.' बघू.